सोया कीमा, कस्टमचा कोड आणि किलोमागचे ४८ रुपये: एका रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं असतं तर रागात दिलं गेलं असतं, म्हणून आधी फाईल काढून बसलो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ऑर्डर घेताना फ्रोझन सोया कीमा ७६० रुपये किलो सांगितला, बिल ८०८ ने आलं. माल दहा दिवस उशिरा आला आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारसाठी बोर्डावर लिहिलेला कीमा-पाव तुम्हाला पुसावा लागला. एका पाकिटात बर्फाचा गोळा निघाला. आणि शेवटी: ‘किराणा दुकानात मिळणारे सोया चंक्सच हे. आधीच्या पॅटीच्या बिलावर कोड २००४, याच्यावर २१०६. सोयीने कोड लावायचा आणि कस्टमच्या नावाने पैसे काढायचे, हा यांचा धंदा.’

दर, उशीर आणि बर्फ या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. कोडची तक्रार खरी नाही. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडवरचे इतरही कॅफेवाले आमच्याकडून हाच आयात केलेला माल घेतात, त्यामुळे तिचं उत्तर सगळ्यांना दिसेल असं देतोय.

कोड म्हणजे आयात मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा आकडा, त्यावरून ड्यूटी ठरते. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर. आधी पॅटी. सुरीने कापून बघा, मटार दिसतो, गाजराचे तुकडे दिसतात, बटाटा दिसतो. ती शिजवून गोठवलेली भाजी आहे, म्हणून विसाव्या चॅप्टरमध्ये, २००४ खाली. कीम्याच्या पाकिटामागे वाचा: पाणी, सोया प्रथिनं, गव्हाचं ग्लुटेन, सूर्यफूल तेल, मिथाइल सेल्युलोज, कांदा पावडर, मसाले, बीटचा रंग. यात भाजी म्हणावी असं काही नाही. कांदा आहे तो चवीपुरता. दुसरीकडे कुठे जागा नसलेले खाद्यपदार्थ २१०६ मध्ये येतात आणि हा त्यातलाच. दोन वेगळे पदार्थ आहेत, म्हणून दोन वेगळे कोड. हे आकडे मी ठरवत नाही. पहिले सहा आकडे जगभर चालणाऱ्या पद्धतीतले आहेत, १९८८ पासून ती लागू आहे, आणि आपण पुढे दोन आकडे जोडून आठ करतो.

पाकिटावर ‘कीमा’ लिहिलंय म्हणून माल मांसाच्या चॅप्टरमध्ये का जात नाही, हेही एकदोघांनी विचारलं होतं. सोळाव्या चॅप्टरमध्ये जायला पदार्थात वजनाने २० टक्क्यांपेक्षा जास्त मांस किंवा मासळी लागते. आपल्या मालात ती शून्य आहे. मांस असतं तर पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना, सॅनिटरी इम्पोर्ट परमिटही लागला असता.

आता मुख्य मुद्दा, ज्यात तुमचे ४८ रुपये गेले. २१०६ च्या पोटात दोन खण आहेत. २१०६ १० म्हणजे प्रथिनांची कॉन्सन्ट्रेट आणि टेक्श्चर्ड प्रोटीन, म्हणजे धागेदार केलेलं प्रथिन. २१०६ ९० म्हणजे बाकी सगळं. मी बिल ऑफ एन्ट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज) भरताना पहिला खण धरला, कारण कीम्याचा गाभा टेक्श्चर्ड सोयाच आहे. त्या खणातली ड्यूटी कमी, आणि त्याच हिशोबाने तुम्हाला ७६० सांगितले.

कंटेनर बंदरावर लागला आणि आमच्या सीएचएच्या (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटच्या) स्क्रीनवर कस्टमची क्वेरी आली. हे टेक्श्चर्ड प्रोटीन आहे की त्यापासून बनवलेला तयार पदार्थ? प्रत्येक घटकाची टक्केवारी आणि कारखान्यातला प्रोसेस फ्लो चार्ट (माल बनवण्याच्या पायऱ्यांचा तक्ता) जोडा. फोनवर तुम्ही म्हणाला होतात, ‘ओळख लावली असती तर दोन दिवसांत सुटलं असतं.’ ताई, ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन तपासणी आहे. कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, त्याचं नावही आम्हाला कळत नाही. आणि कळलं असतं तरी मी तसं केलं नसतं.

फ्लो चार्ट परदेशातल्या कारखान्याकडून मागवण्यात सहा दिवस गेले. तो मी कार्डबोर्डच्या खोक्यावर पसरून वाचला आणि वाचता वाचता माझंच उत्तर मला मिळालं. पहिल्या चौकोनात सोया पीठ मशीनमधून दाबून काढतात, त्याला धागे येतात. इथपर्यंत जे होतं ते म्हणजे तुमचे किराणा दुकानातले चंक्स, कोरडे, बेचव. घरी आपण ते भिजवतो, पिळतो, मग कांदा-मसाल्यात टाकतो. पण या कागदावर पुढे आणखी आठ चौकोन होते. भिजवणं, ग्लुटेन मिसळणं, तेल, मसाला, मिथाइल सेल्युलोज (हा तापल्यावर घट्ट होतो, म्हणून तव्यावर कीमा विखुरत नाही), वाफवणं, दाणे पाडणं, उणे १८ अंशांवर गोठवणं. स्वयंपाकघरातलं निम्मं काम कारखान्यातच झालेलं आहे. याला नुसतं टेक्श्चर्ड प्रोटीन म्हणणं मलाच पटेना. प्रश्न रास्त होता. मी २१०६ ९० मान्य केला.

त्याचा दर किती, हेही सांगतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात २१०६ ९० वरची मूळ सीमाशुल्क ड्यूटी ३० वरून ५० टक्के झाली. आमचं चलान ५० टक्क्यांनीच भरलंय. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर ५० रुपये ड्यूटी आणि त्या ड्यूटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ५ रुपये. १५५ झाले. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, या १५५ वर लागतो. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या जीएसटीतून वजा होतो, पण ५५ रुपये परत कुठूनच येत नाहीत. दोन खणांतल्या या न परतणाऱ्या रकमेचा फरक म्हणजे तुमच्या बिलातले ४८ रुपये. रिफर (थंड) कंटेनरचं बंदरावरचं विजेचं प्लग-इन भाडं आणि डेमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचं शुल्क, मी माझ्या खिशातून भरलंय, त्यातला एक रुपयाही तुमच्या बिलात नाही.

सोयीनेच कोड लावायचा असता तर मी स्वस्त कोडावर भांडत बसलो असतो. बॉण्ड (फरक भरण्याची लेखी हमी) देऊन तात्पुरत्या असेसमेंटवर माल सोडवून घेण्याची सोयही कायद्यात आहे. पण २०११ पासून कोड आणि ड्यूटी आधी आयातदारानेच ठरवून भरायची असते, जबाबदारी त्याची. कमी भरली असेल तर दोन वर्षांपर्यंत नोटीस येते. जाणूनबुजून लपवलं असेल तर पाच वर्षांपर्यंत, वर व्याज आणि ड्यूटीइतका दंड. अंबडमध्ये माझ्याकडे नऊ माणसं कामाला आहेत. त्यांची नोकरी मी अशा कागदावर ठेवणार नाही.

पण यात माझी चूक आहे, आणि ती मोठी आहे. माल क्लिअर होण्याआधी मी तुम्हाला पक्का दर दिला. क्वेरी आली त्याच दिवशी फोन करायला हवा होता, तर मी ‘उद्या सुटेल’ म्हणत थांबलो. तुम्ही श्रावणाचा बोर्ड लिहून बसला होतात, तुमचं गिऱ्हाईक परत गेलं. त्याची भरपाई बिलातून होत नाही. मनापासून माफी मागतो.

बर्फाचा गोळाही आमच्याच दारातला. त्या दिवशी दुपारी गाडी उतरवताना कोल्ड रूमच्या दाराचा प्लास्टिकचा पडदा फाटलेला होता आणि एक पॅलेट चाळीस मिनिटं बाहेर राहिलं. वरच्या थराचे दाणे सुटले, पाणी बाहेर आलं आणि आत गेल्यावर त्याचा पुन्हा बर्फ झाला. तुमचा फोटो पाहून आम्ही तो थर उघडला, आणखी अकरा पाकिटं तशीच निघाली. ती सगळी विक्रीतून काढली आहेत. तुमच्याकडचं पाकीट कृपा करून वापरू नका. पडदा बदललाय.

४० किलोचे १,९२० रुपये आज तुमच्या खात्यात जमा केले आहेत. शब्द ७६० चा दिला होता, या ऑर्डरला तोच राहील. पुढच्या खेपेपासून कोटेशनवर ड्यूटीचा कोड आणि ‘दर क्लिअरन्सनंतर पक्का’ असं छापून येईल. कोडचा प्रश्न कायमचा मिटावा म्हणून मुंबईच्या अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (कोड कुठला, हे आयातीआधीच ठरवून देणाऱ्या) अर्ज तयार करतोय. तिथे तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. २१०६ १० बरोबर ठरला तर तुमचा पुढचा दर खाली येईल, आणि ते मी स्वतः फोन करून सांगेन.

बिल ऑफ एन्ट्री, चलान आणि तो फ्लो चार्ट बघायचा असेल तर अंबडला कधीही या. किंवा गुरुवारी बदली पाकीट घेऊन आमची गाडी गंगापूर रोडला येतेय, तिच्यासोबत झेरॉक्स पाठवतो.