वैतागलेलं गिऱ्हाईक माल घेतं, हे खरं नाही

गेले काही दिवस एक मजकूर प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या देवगडच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तर तो तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टीव्हीवरची जी जाहिरात तुमच्या डोक्यात जाते तीच सर्वांत जास्त माल खपवते, आणि कंपन्या हे जाणून मुद्दाम पिडतात. जाहिरात लागली की आवाज वाढतो हा तुमचा भास आहे. टीव्ही फुकट दिसतो तो जाहिरातींमुळे, तेव्हा सोसा. आणि तक्रार करून काही होत नाही.

बाजारात माझं किराणा दुकान आहे. १९ वर्षं गल्ल्यावर बसतो आहे आणि समोर भिंतीवर टीव्ही चालू असतो. हा मजकूर वाचून लोक गप्प बसायला शिकतात. ते मला सलतं, म्हणून लिहितो आहे.

आधी खपाचं बघू. जी जाहिरात नकोशी होते ती बहुतेक वेळा पैसेवाल्या कंपनीची असते, म्हणून तर ती एका ब्रेकमध्ये दोनदा लागते. त्याच कंपनीची गाडी दर आठवड्याला घाट उतरून इथे येते. तिचा माल पाच-दहा रुपयांच्या पुडीत मिळतो, पुड्यांची माळ प्रत्येक दुकानाच्या दाराशी लटकते आणि दुकानदाराला डझनामागे एक फुकट अशी स्कीम असते. माल खपतो तो यामुळे. लोकांना येणारी चीडही त्याच पैशातून येते. एकाच झाडाला दोन फळं लागली म्हणून एका फळामुळे दुसरं धरलं असं कोणी बागायतदार म्हणणार नाही.

उलट अनुभवही सांगतो. एका दंतमंजनाच्या जाहिरातीतलं पोरगं इतकं किंचाळायचं की दुकानात उभ्या असलेल्या बायका म्हणायच्या, "बाबू, पयलो तो आवाज कमी कर." त्या मंजनाचे दोन खोके मी घेतले होते. मुदत संपत आली तेव्हा त्यातला दीड खोका परत गेला. माझं एक दुकान म्हणजे देश नव्हे, हे कबूल. पण त्या मजकुरात एकाही दुकानाचा दाखला नाही. फसलेली जाहिरात मालासकट विसरली जाते आणि खपलेलीच तेवढी आठवते, म्हणून हा समज टिकून आहे.

"मानसशास्त्र सांगतं" असंही एक वाक्य त्यात आहे. त्यामागे बहुधा रॉबर्ट झायन्स यांचं १९६८ चं संशोधन असावं: पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट माणसाला आवडू लागते. पण त्यांनी लोकांना दाखवले होते निरर्थक शब्द, चिनी वाटणारी अक्षरं, अनोळखी चेहरे, म्हणजे ज्यांच्याबद्दल आधी काहीच मत नव्हतं अशा गोष्टी. आधीच नकोशी झालेली गोष्ट शंभरदा दाखवली की हवीशी होते, असं त्यातून निघत नाही. आणि फेविकॉलच्या जाहिराती, सर्फची ललिताजी? त्या लोक आजही हसून आठवतात, आणि तो मालही खपला.

टीआरपीवरून कंपन्यांना आपली चीड मोजता येते, हेही चूक. टीआरपीसाठी बार्क ही संस्था काही निवडक घरांत मीटर बसवते. कोणती वाहिनी लागली आहे आणि घरातलं कोण बघतं आहे, एवढंच ते मीटर टिपतं. बघणारा दात-ओठ खातो आहे का, हे त्याला कळत नाही.

आता आवाजाचं, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. १५ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून सरकत होतं. होड्या वर ओढून झाल्या होत्या, आम्ही बातम्या लावून बसलो होतो. पत्र्यावरच्या पावसात निवेदकाचं बोलणं ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला. ब्रेक लागला आणि पाळण्यातली पुतणी दचकून रडायला लागली. तिला कसला भास झाला होता?

कारण सरळ आहे. कार्यक्रमात आवाज चढतो-उतरतो. दशावतारात लढाईला पखवाज आणि झांज टिपेला जातात, मग राणी बोलू लागली की सगळं हलकं होतं. जाहिरातीच्या ध्वनिमुद्रणात हलके भाग वर उचलतात आणि सगळं दाबून एका पातळीला आणतात. सर्वांत मोठा आवाज दोन्हीकडे सारखाच, पण जाहिरात पूर्ण वेळ त्या टोकाला राहते. म्हणजे लढाईच अखंड चालू. नुसतं टोक मोजणाऱ्या यंत्राला फरक दिसत नाही, कानाला लगेच कळतो. म्हणून तर सरासरी जोर मोजण्याची वेगळी रीत आली. युरोपातल्या प्रसारकांच्या संघाने २०१० मध्ये तिचं प्रमाण ठरवलं. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. आपल्याकडेही केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधल्या जाहिरात संहितेत लिहिलं आहे की जाहिरात अवाजवी मोठ्या आवाजाची नसावी. भासावर कोणी कायदे करत नाही.

"फुकट बघता, सोसा" हे डीडी फ्री डिशवाल्याला सांगा, तो महिन्याला काही भरत नाही. बाकीचे आम्ही दरमहा पैसे भरतो, वर १८ टक्के जीएसटी. आणि सोसण्यालाही मर्यादा त्याच नियमांत आहे: तासाला १२ मिनिटं, त्यांत १० जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१२ मध्ये ती कडक करायला घेतली, तेव्हा वाहिन्या न्यायालयात गेल्या आणि सक्तीच्या कारवाईला स्थगिती मिळाली. नियम मात्र रद्द झाला नव्हता.

राहिली तक्रार. कंटाळा येतो एवढ्यावर कोणी दाद देणार नाही, हे खरं. पण खोटा दावा करणारी किंवा अश्लील जाहिरात असेल तर १९८५ पासून मुंबईत असलेली ॲस्की ही जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था तक्रार घेते. फसवणुकीसाठी ग्राहकांची १९१५ ही हेल्पलाइन आहे. आवाजासारख्या संहिताभंगासाठी केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे थेट वाहिनीला लिहायचं. पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. वाहिनी, तारीख, नेमकी वेळ आणि कोणती जाहिरात, एवढं टिपून ठेवा.

मी लिहिलं. पोच दुसऱ्या दिवशी आली. पंधरवड्यात उत्तर आलं की आवाज ठरलेल्या मर्यादेत आहे. तो टोकाचा मोजला की सरासरी जोराचा, हे विचारणारं दुसरं पत्र काल पाठवलं आहे. त्यावर बाजारातल्या अकरा दुकानदारांच्या सह्या आहेत.