पहिलाच कुत्रा रॉटवायलर? त्या मेसेजला माझं उत्तर

‘पहिलाच कुत्रा घेताय? मग रॉटवायलरच घ्या’ असा एक मेसेज गेले काही महिने फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला, आणि परवा चुलतभावाने पाठवला. त्याला खरंच पिल्लू घ्यायचंय आणि घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हा कुत्रा जन्मजात राखणदार, त्याला काही शिकवावं लागत नाही. मुलांबरोबर वाढला की त्यांचा बॉडीगार्ड होतो. मोठे कुत्रे शांत असतात, फ्लॅटमध्ये आरामात राहतात. घरातलं उरलंसुरलं खातात. कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो. आणि सरकारची बंदी कोर्टाने उडवली, म्हणजे धोका नाही हे सिद्धच झालं.

माझ्याकडे आठ वर्षांची रॉटवायलर आहे, तारा. तिच्याआधी दोन गावठी कुत्री होती आणि एक लॅब्राडोर. या जातीवर माझा जीव आहे, म्हणूनच हा मेसेज वाचून पोटात गोळा येतो.

‘जन्मजात राखणदार’ हे खरंय, आणि अडचण तिथेच सुरू होते. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांनी ही कुत्री गुरं हाकायला आणि राखणीला वापरली. पुढे १९१० मध्ये तिथे पोलीस कुत्रा म्हणून या जातीला मान्यता मिळाली. अंगावर येणाऱ्या बैलासमोर मागे सरायचं नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. राखायचं कसं हे त्याला उपजत येतं, पण कोणापासून राखायचं हे येत नाही. ते कोणी शिकवलं नाही तर तो स्वतःच ठरवतो. आपल्या घरात दिवसभरात किती माणसं येतात बघा: दूधवाला, कामाच्या मावशी, कुरिअर, गॅसवाला, वर्गणी मागायला आलेली पोरं, न सांगता टपकणारे पाहुणे. यातला परका कोण, हे पन्नास किलोच्या जनावराने आपल्या मनाने ठरवणं परवडणारं नाही.

आमच्याकडे बेल वाजली की तारा दारापासून आठ फुटांवर टाकलेल्या गोणपाटावर जाऊन बसते. मी ‘ये’ म्हणेपर्यंत उठत नाही. एवढी एक गोष्ट पक्की व्हायला सात महिने लागले. रोज दोनदा कोणीतरी मुद्दाम बाहेर जाऊन बेल वाजवायची, मी खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन उभी. त्याआधी, पिल्लू असताना तिला कडेवर घेऊन भाजी मंडईत आणि एसटी स्टँडवर नेत होते. पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. तेव्हा लसींचे डोस पूर्ण झालेले नसतात, त्यामुळे जमिनीवर सोडता येत नाही आणि घरात कोंडून ठेवूनही चालत नाही. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, रडणारं बाळ, सगळं तेव्हाच दाखवावं लागतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. वर्षभर पिल्लू सगळ्यांशी लाडात वागतं, घरचे निश्चिंत होतात. मग दीड-दोन वर्षांचा झाला की राखण जागी होते. ‘चांगल्या घरी द्यायचा आहे’ म्हणून मला जे फोन येतात, ते बहुतेक याच वयाच्या कुत्र्यांसाठी.

आता बॉडीगार्डची गोष्ट. ही मी डोळ्यांनी पाहिलीय.

ओळखीच्या एका घरी गणपती होते. त्यांचा रॉटवायलर सोळा महिन्यांचा, आरतीसाठी त्याला आतल्या खोलीत बंद केलेलं. आरती संपली, ताम्हण फिरत होतं, आणि खोलीतून सतरंजी आणायला कोणीतरी दार उघडलं. हॉलमध्ये घरची मुलगी पुढे पळत होती आणि तिचा आतेभाऊ ओरडत मागे लागला होता. रोजची पकडापकडी. कुत्रा येऊन दोघांच्या मधे उभा राहिला. घरातल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘बघा, कसा राखतोय तिला.’ मी बघत होते ते वेगळंच होतं. एवढा वेळ धापा टाकणारं तोंड मिटलं होतं. शेपूट ताठ. सगळा भार पुढच्या पायांवर, नजर मुलावर खिळलेली. ‘मुलाला जागेवर थांबवा’ असं मी म्हणेपर्यंत मुलाने हात पुढे केला होता. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. कोपराच्या खाली चार दात लागले. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला आणि तसंच दवाखान्यात पळालो.

नंतर कळलं की लहानपणी तो गुरगुरला की त्याला फटका बसायचा. गुरगुरणं म्हणजे ‘मला त्रास होतोय, लांब हो’ हे सांगणं. ते मारून बंद केलं की राग तसाच राहतो, फक्त सूचना बंद होते. त्या घरातली माणसं क्रूर नव्हती, त्यांना कुत्रा वाचता येत नव्हता. आणि कुत्र्याने केलं ते मेसेजमध्ये ज्याचं कौतुक आहे तेच: आपल्या मुलीच्या मागे लागलेल्याला अडवलं. बॉडीगार्डला आपल्या मुलाचा मित्रही परकाच वाटू शकतो, हे मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो.’ पहिला अर्धा भाग मला मनापासून मान्य आहे. पण मेसेज सुरुवातीला म्हणतो की राखण रक्तातच आहे, आणि शेवटी म्हणतो की सगळं संगोपनावर आहे. दोन्ही एकदम कसं चालेल? कारवान हाउंड या शिकारी जातीचं पिल्लू ससा दिसला की धावतं, लॅब्राडोर चप्पल तोंडात धरून आणतो, यांना कोणी शिकवायला गेलेलं नसतं. जातीचा कल असतोच, त्याला वळण लावणं मालकाच्या हातात असतं. ते वळण लावायचा सराव पहिल्याच कुत्र्यावर, तोही या ताकदीच्या, का करायचा?

कोर्टाचा मुद्दा तर साफ चुकीचा मांडलाय. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने परिपत्रक काढून रॉटवायलरसह तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला राज्यांना सांगितलं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेताच ते काढलं होतं. ही कुत्री कोणाच्याही घरी निर्धोक आहेत, असा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही. सरसकट बंदी मलाही नको आहे. पण जबाबदारी उडालेली नाही. आपल्या जनावराची पुरेशी काळजी न घेतल्याने कोणाच्या जिवाला किंवा गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फ्लॅट आणि खर्चाबद्दल फार लिहीत नाही. तारा दुपारभर शांत झोपते कारण सकाळी तास-दीड तास फिरून, डोकं वापरून दमलेली असते. वाढत्या वयात गुळगुळीत फरशीवर पाय घसरणं आणि रोजचे जिने तिच्या सांध्यांना त्रासाचे, कारण या जातीत खुब्याचा दोष बराच आढळतो. अंगावर काळे केस, मे महिना, म्हणजे फिरणं सकाळी सातच्या आत. जंताच्या औषधापासून भुलीपर्यंत सगळं वजनावर मोजतात, त्यामुळे बिलही तसंच येतं. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, तेव्हा काही तासांत ऑपरेशन लागतं. रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून ठेवावा लागतो. आणि हा कुत्रा फिरवणार कोण? बहुतेक घरांत आई किंवा आजी. पावसाळ्यात शेवाळलेला रस्ता, समोरून गल्लीतली चार कुत्री भुंकत अंगावर येतात, आणि पट्ट्याच्या टोकाला पन्नास किलोचा नर. ते चित्र डोळ्यांसमोर आणा.

चुलतभावाला मी सांगितलंय की पिल्लू नकोच, दोन-तीन वर्षांचं, स्वभाव माहीत असलेलं गावठी घे. आधी चार रविवार मुलीला घेऊन जा आणि त्या कुत्र्याबरोबर बस. ज्यांच्या घरी रॉटवायलरचं पिल्लू आधीच आलंय, त्यांनी घाबरून ते परत करू नये. याच आठवड्यात न मारता शिकवणारा प्रशिक्षक गाठा. खाऊ आत ठेवून तोंडाला मुसक्याची सवय लावायला घ्या. पाहुण्यांचं मूल आलं की मधे जाळीचं दार हवं, आणि त्याची कडी मोठ्यांनीच काढायची. तो गुरगुरला तर त्याला रागावू नका. मुलाला बाजूला घ्या आणि तो कशाला गुरगुरला ते वहीत लिहून ठेवा.