कलम १२७ आणि डावा आरसा

लावलेल्या जागी आपली स्कूटर दिसली नाही, तर पेठांत राहणाऱ्या पुणेकराच्या मनात चोरीचा विचार पहिल्यांदा येत नाही. तो आधी आजची तारीख आठवतो. आमच्या रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात, विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या असतात, आणि एकादशी कधी आहे हे शेजारणीला विचारणारी माणसेसुद्धा या एका कारणासाठी तारीख तोंडपाठ ठेवून असतात. त्या दिवशी सतरा तारीख होती, गाडी पी-१ च्याच बाजूला लावलेली होती, आणि तरीही ती तिथे नव्हती. समोरच्या पानवाल्याने "आत्ताच गेला टेम्पो" असे सांगितले, ते पहिली पंगत उठल्याचे सांगावे अशा सुरात.

मी निवृत्त बँक अधिकारी असल्यामुळे संकटसमयी देवाच्या आधी मला कलम आठवते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस अथवा कोणाच्या देखरेखीविना सोडलेले, किंवा कायद्याने मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन हलवता येते. मात्र ते हलवण्याचा आदेश त्या हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यावा लागतो. गाडी उचलणारी पोरे कंत्राटदाराची, टेम्पो कंत्राटदाराचा, परंतु अधिकार फक्त त्या गणवेशाचा. प्रत्यक्षात हा गणवेश ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला असतो, त्याची नजर मोबाइलवर असते आणि मागे बर्म्युडा घातलेली चार पोरे एकेक स्कूटर अशी अलगद वर घेतात, की आदेश नेमका कोणत्या क्षणी निघाला हे शोधण्यासाठी चित्रफीत संथ गतीने पाहावी लागेल. कायद्याने गणवेश सक्तीचा केला आहे. मान वळवून मागे पाहण्याची सक्ती केलेली नाही.

देखरेखीविना म्हणजे काय, याबद्दल आमच्या शहराने स्वतंत्र भर घातलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत टोइंगवाल्यांनी एक दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासह उचलली आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. पुढे मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी तिथले टोइंग प्रायोगिक तत्त्वावर थांबवले, तेव्हा उभ्या आयुष्यात प्रथमच मला मुंबईकरांचा हेवा वाटला. ही गोष्ट मी अद्याप घरात बोललेलो नाही.

रिक्षा करून गाड्या ठेवतात त्या आवारात पोहोचलो. तिथल्या हवालदारांनी आरसी मागितली. आरसी स्कूटरच्या डिकीत होती, स्कूटर कुंपणापलीकडे होती, आणि आरसी दाखवल्याशिवाय कुंपणापलीकडे जाता येत नव्हते. अशा वेळी डिजिलॉकरमधली कागदपत्रे मूळ कागदपत्रांइतकीच ग्राह्य असतात, हे नियमात आहे. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "काका, वकील आहात का?"

"नाही. बँकेत होतो."

"मग बरोबर," असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. एवढा आदर मला बँकेतही मिळाला नव्हता.

पी-१ ची पाटी जिथे संपते, तिथून चौकापर्यंत नो पार्किंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नो पार्किंगची पाटी एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे होती, त्यामुळे पाटीऐवजी मला फक्त त्यांचे जोडलेले हात दिसत होते, असे माझे म्हणणे होते. हवालदारांनी मान डोलावली, कारण त्यांनाही तेच दिसत होते. मग त्यांनी मला पर्याय सांगितले: कलम १७७ खाली पहिल्या वेळचे पाचशे रुपये तडजोड म्हणून भरावेत आणि गाडी न्यावी, किंवा दंड अमान्य करून कोर्टात जावे. तडजोड ऐच्छिक असते, ती कोणावर लादता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण तत्त्व माझ्या बाजूला, किल्ली माझ्या खिशात आणि स्कूटर त्यांच्या आवारात, अशी वाटणी झाल्यावर माणूस स्वेच्छेने काय करतो, हे सांगायला नको. मी पाचशे भरले, टोइंगचा आकार भरला, आणि त्या आकारावरचा वस्तू व सेवा करही भरला. आयुष्यात पुष्कळ सेवांवर कर भरला, परंतु जी सेवा चुकवण्यासाठी मी शंभर पावले धावलो असतो, तिच्यावर प्रथमच भरला.

मग कुंपणापलीकडे गेलो, तो डावा आरसा मोडलेला. काच शाबूत होती. दांडी मुळातून सुटून वायरीला बांधलेली होती, म्हणजे ज्याने मोडला त्याला निदान लाज होती. कंत्राटदाराचा मुलगा धावत आला, त्याने दांडी भोकात बसवून दोन वेळा फिरवली आणि म्हणाला, "झालं काका, नीट." त्या आरशात आता मागच्या रस्त्याऐवजी माझी हनुवटी दिसत होती.

इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यायची असते. माझी वस्तू तर माझ्या मनाविरुद्ध नेली होती, करार कसला, असा प्रश्न निघेल म्हणून मी १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडाही सांगितला: जुनागढमध्ये सरकारने दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती, आणि करार नसला तरी जप्त मालाची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते, असे न्यायालयाने म्हटले होते. मुलगा लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "त्या ट्रकचा पण आरसाच गेला होता का?"

हवालदार म्हणाले, "लेखी द्या." मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून दीड पानी अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि पोच मागितली. शिक्का मारताना त्यांनी अगदी सहज विचारले, "गाडी उचलण्यापूर्वीचा आरशाचा फोटो आहे ना?" पुराव्याचा भार कोणावर, यावर मी बोलू शकलो असतो, पण दुकान बंद होण्याची वेळ झाली होती आणि आमच्याकडे दुकाने वेळेवर बंद होतात.

अर्जाला आवक क्रमांक आहे, उत्तर अद्याप नाही. तेव्हापासून मी गाडी लावली, की चारही बाजूंनी तिचे फोटो काढतो: दोन्ही आरसे, डिकी, जवळची पाटी, आणि फ्लेक्स असल्यास फ्लेक्ससह पाटी. गेल्या आठवड्यात डाव्या आरशाचा फोटो काढण्यासाठी वाकलो असताना एक गृहस्थ बराच वेळ मागे उभे राहिले आणि म्हणाले, "आरसा बदलून देणार असाल, तर वीस हजारांपर्यंत बघू."