अपडेट बंद ठेवायचं आणि खापर पण आपल्याच डोक्यावर?

"पीसी हॅक झाला तर चूक वापरणाऱ्याचीच, कंपनीचा काडीचा संबंध नाही. अपडेट बंद करा, ते पीसी स्लो करायलाच असतात. चांगला अँटिव्हायरस असेल तर बॅकअपची गरज नाही." हा फॉरवर्ड सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मेहुण्याने तो मनावर घेतला. अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप. बिलं, जीएसटी, ड्रॉइंग सगळं एकाच पीसीवर. गड्याने सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' डिसेबल केलं आणि वर मलाच उपदेश.

चूक वापरणाऱ्याचीच? 2017 चा वॉनाक्राय आठवा. फायलींना कुलूप लावून बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारा व्हायरस. भोक विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कोडमध्ये. त्यावर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने हत्यार बनवलं, ते फुटून नेटवर आलं आणि वॉनाक्रायने तेच वापरलं. एका पीसीतून दुसऱ्यात शिरायला त्याला कुणाच्या क्लिकची गरजच नव्हती. मग डबा खायला उठलेल्या अकाउंटंटने नेमकं काय चुकवलं?

आता मेहुण्यासाठी खास. त्या भोकाचा पॅच, म्हणजे ते बुजवणारा अपडेट, 14 मार्चला आला होता, हल्ला झाला 12 मे रोजी. मधले जवळपास दोन महिने अपडेट न लावलेल्यांच्या मशीन गेल्या. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत ऑपरेशनं रद्द करावी लागली. (सपोर्ट संपलेल्या जुन्या विंडोज एक्सपीला मात्र सर्वांसाठी पॅच मिळाला तो हल्ल्यानंतर. ते कंपनीच्याच खात्यावर.) कोड नीट लिहिणं आणि भोक सापडलं की बुजवणं कंपनीचं काम, बुजवलेलं लावून घेणं आपलं. फॉरवर्डवाला आपल्या हातातलं तेवढंच काढून घेतो आणि दोषही आपल्यालाच देतो. कंपनी म्हणे मुद्दाम पीसी स्लो करणारी लबाड, पण डेटा गेला की एकदम निर्दोष! एकाच मेसेजात?

अपडेटनंतर जुनी मशीन रखडते, हे मान्य करावं लागेल. 19 जुलै 2024 ला तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणून बंद पाडल्या. तेव्हा चार दिवस पॉज करा, रविवारी लावा. कायमचं बंद कशाला?

बॅकअप नको म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही. टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि झाल्यावर वायर काढून ठेवा. जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही कुलूप लागतं.