तीन दिवसांत गजकर्ण साफ? ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचा

पावसाळा लागला की घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'गजकर्ण रक्त खराब झाल्याने होतं. कडुनिंबाचा रस प्या, चट्ट्यावर लिंबू चोळा. नाहीच गेलं तर मेडिकलमधून चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणा, तीन दिवसांत साफ.' माझं मेडिकलचं दुकान आहे. मोबाइल पुढे धरून 'हीच द्या' म्हणणारे जुलैत रोज येतात.

रक्ताचा दोष इथे नाहीच. गजकर्ण म्हणजे बुरशी, आणि ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. तिला ऊब आणि ओल हवी असते, आणि दोरीवर चार दिवस न वाळलेली जीन्स तिला दोन्ही पुरवते. हां, मधुमेह असेल तर ती लवकर आटोक्यात येत नाही, तेव्हा साखर तपासलेली बरी.

लिंबाने आग होते आणि आग झाली की औषध लागलं असं वाटतं. लिंबू लावून तसंच उन्हात गेलात तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात.

आता ट्यूब. तिच्यात बहुतेकदा बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल असतं, म्हणजे अतिशय जोरदार स्टेरॉइड. त्याने लाली आणि खाज खरंच दोन-तीन दिवसांत बसते, कारण बुरशीशी झुंजणारी कातडीची प्रतिकारशक्तीच ते दाबून टाकतं. बुरशी मात्र पसरतच राहते. ट्यूब सोडली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. कडेची ती ओळखीची गोल रेघही पुसट होते, मग डॉक्टरांनाही नुसतं बघून कळत नाही, कातडी खरवडून तपासावी लागते. जांघेत महिनोन्महिने लावणाऱ्यांच्या कातडीवर ताणाचे पट्टे उठतात, ते आयुष्यभर जात नाहीत. चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नसतं. दिलं जातं, हे आमच्या धंद्याचं पाप.

आणि तीन दिवस? साधं बुरशीचं मलमसुद्धा दोन ते चार आठवडे लागतं, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावावं लागतं, आणि डाग गेल्यावरही आठवडाभर सोडायचं नसतं. त्यात आता टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीची जात आपल्याकडे आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं ते ट्रायकोफायटन इंडोटिनी, भारतावरूनच. तेव्हा गोळ्या कुठल्या, किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवतील.

त्यांच्याकडे जाल तेव्हा घरात आणखी कोण खाजवतंय तेही सांगा. टॉवेल एकच असेल तर औषध खाजवणाऱ्या सगळ्यांनाच लागेल.