बबल टीच्या पेल्यातला साबुदाणा

गेल्या रविवारी संध्याकाळी आम्ही घरचे सहा जण जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीजवळ नव्याने सुरू झालेल्या बबल टीच्या, म्हणजे तळाशी चावायच्या गोळ्या असलेल्या दुधाळ चहाच्या, कॅफेत गेलो होतो. आठवीतल्या माझ्या मुलीचा हट्ट महिनाभर चालला होता, पण ऊन उतरल्याशिवाय बाहेर पडायचे नाही हा आमचा उन्हाळ्यातला नियम असल्यामुळे तिला सात वाजेपर्यंत थांबावे लागले. निघताना शेजारच्या काकांनी विचारले, "उसाचा रस सोडून हे परदेशी फॅड कशाला?" काकांविषयी मला आदर आहे, तरीही हा प्रश्न मला पटला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पेले आले. तोंडावर ताणून चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा, तो टोचून आत घालायची बोटाएवढी जाड स्ट्रॉ, आणि तळाशी काळपट, चकचकीत गोळ्यांचा थर. सासूबाईंनी पडदा काढायला लावला, चमच्याने एक गोळी तळहातावर घेतली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. गोळी चेपली आणि अंगठा उचलताच हळूहळू पुन्हा फुगली. "अगं, हा साबुदाणाच आहे, फक्त मोठा आणि गुळात मुरवलेला," त्या म्हणाल्या.

त्यांचे निदान अचूक होते. बबल टीतले मोती, म्हणजे याच गोळ्या, कसाव्याच्या कंदाच्या पिठापासून, म्हणजे टॅपिओका स्टार्चपासून करतात, आणि आपल्याकडे तमिळनाडूतल्या सेलम भागातून येणारा साबुदाणाही त्याच कंदाचा असतो. हे मोती उकळून, झाकून मुरवून मग साखरेच्या पाकात ठेवतात, आणि काही तासांतच ते टणक होऊ लागतात. खिचडी गार झाल्यावर दाण्याचे काय होते हे ज्या बाईला माहीत आहे, तिला यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे पेय १९८० च्या दशकात तैवानमध्ये जन्मले. ताइनान शहरातले हानलिन आणि ताइचुंग शहरातले चुन शुई तांग ही दोन्ही चहागृहे त्याच्या शोधाचा मान आपल्याकडे घेतात. त्यांचा वाद दहा वर्षे न्यायालयात चालला आणि अखेर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, हे पेय कोणीही करू शकते, त्यामुळे पहिले कोणी केले हे ठरवण्याची गरज नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

परकेपणाचाच हिशोब करायचा तर तो आपल्या ताटापासून करावा. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतला बटाटा तिकडचाच, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली, आणि ज्या शेंगाचटणीवर सोलापूरचे नाव आहे ती शेंगही मूळची दक्षिण अमेरिकेतलीच. एकादशीच्या खिचडीत तूप आणि मीठ सोडले तर फार थोडे आपले मूळचे उरते, आणि तरीही ती खिचडी पूर्णपणे आपली आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी ती केली आणि घरादाराने ती खाल्ली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या शहराने बाहेरून आलेल्या चवीला नाके मुरडावीत, हे त्याला शोभत नाही असे मला वाटते.

काळजी करायचीच असेल तर ती साखरेची आणि लहान मुलांची करावी. पाकात मुरलेले मोती, वरून सरबत आणि गोड दूध, असा तो पेला असतो. आमच्या कॅफेत साखर निम्मी किंवा पाव करून मिळते, पण ते विचारल्यावरच कळले; फलकावर लिहिलेले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट माझ्या तीन वर्षांच्या भाच्याची. काउंटरवर कोणी वय विचारले नाही आणि आमच्याही लक्षात आले नाही. त्याने जोरात ओढले, तसा मोती थेट घशाशी गेला. जावेने त्याला तत्काळ पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा तो बाहेर पडला. ते चार-पाच क्षण मी विसरू शकत नाही. चावून खायची वस्तू स्ट्रॉमधून ओढायची असते, आणि एवढ्या लहान मुलाला ते जमत नाही.

निघण्यापूर्वी मी कॅफे चालवणाऱ्या मुलाशी शांतपणे बोलले. साखरेचे पर्याय मराठीत ठळक लिहावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मोती न घालताच पेला द्यावा, एवढेच सांगितले. "काकू, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं," असे म्हणून त्याने समोरच्या वहीत दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. सासूबाई मात्र त्याला मोती किती वेळ शिजवतोस, पाकात गूळ घालून पाहिलास का, असे विचारत आणखी दहा मिनिटे तिथेच उभ्या होत्या.