मंगळावर भजी? आधी कुकरचं बघा

मंगळावरच्या सुट्टीबद्दलच्या एका लेखातल्या कथेत तिथल्या तळावरची मंडळी सुट्टीच्या दिवशी भजी तळतात आणि घरच्यांशी व्हिडिओवर गप्पा मारतात. गप्पांचं सोडा, संदेश पोचायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, ‘हॅलो’चं उत्तर येईस्तोवर चहा गार. खरी गडबड भज्यांत आहे. अशा तळांसाठी सुचवलेली हवा साधारण 56 किलोपास्कल दाबाची (पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त), 34 टक्के ऑक्सिजनची असते, म्हणजे स्पेससूट घालण्याआधी शुद्ध ऑक्सिजन घेत तासन्‌तास बसावं लागत नाही. पण एवढ्या ऑक्सिजनमध्ये आग भराभर पसरते. उघडी कढई विसराच.

वरण-भात करावा, तर त्या दाबाला पाणी 84-85 अंशांनाच उकळतं. डाळ गोटा राहणार. कुकर हवाच. त्यातही गंमत अशी, की शिट्टी वजनावर चालते आणि मंगळाचं गुरुत्व आपल्या 38 टक्केच. इथे बाहेरच्यापेक्षा साधारण 100 किलोपास्कल जास्त दाबाला उचलली जाणारी शिट्टी तिथे 38 जास्त झाला की उडेल, आत जेमतेम 98 अंश. म्हणून शिट्टी 2.6 पट जड हवी, नाहीतर स्प्रिंगची.

आणि कथेतल्या सुट्टीत झाडलोट कुठे गेली? अंतराळ स्थानकात शनिवारचे काही तास त्यातच जातात, व्यायामही चुकत नाही.